गाडी चुकली

आमच्या इमारतीत कोजागिरी साजरी करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. गच्चीवर सतरंज्या अंथरायच्या, पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आटवलेले दूध पेल्यापेल्यांतून वाटायचे, चंद्र डोक्यावर येईपर्यंत भेंड्या लावायच्या, आणि मग एखादा विनोदी चित्रपट लावून तो निम्मा होण्याच्या आत एकेकाने उशी काखोटीला मारून खाली झोपायला जायचे. गेल्या वर्षी ह्या शिरस्त्यात खंड पडला. त्याला कारण झाली तिसऱ्या मजल्यावरची मुलगी. ती नोकरीसाठी बंगळूरला असते आणि चार दिवसांच्या रजेवर घरी आली होती. चित्र पडद्यावर पाडायचे यंत्र तिचे स्वतःचे, त्यामुळे चित्रपट कोणता हे ठरवण्याचा अधिकारही तिने आपल्याकडे घेतला.

"यंदा 'अपराजितो' बघायचा," ती म्हणाली.

"मराठी आहे?" एका काकूंनी विचारले.

"बंगाली."

"रंगीत?"

"नाही. काळा-पांढरा. एकोणीसशे छप्पन्नचा."

"गाणी तरी आहेत का ग?"

गाणी नाहीत, मारामारी नाही, खाली अक्षरे येतात ती इंग्रजी, एवढे कळल्यावर सात-आठ मंडळींना एकाएकी झोप येऊ लागली. उरलेल्यांना गोष्ट समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. कारण हा चित्रपट पूर्वी पाहिलेला असा इमारतीत मी एकटाच निघालो. त्यात त्या रात्रीचे चांदणे इतके लख्ख की पडद्यावर काही म्हणता काही दिसेना. शेवटी पाण्याच्या टाकीच्या सावलीत भिंतीला चादर ठोकली आणि त्यापुढे आम्ही पंधरा-सोळा माणसे दाटीवाटीने बसलो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' आणि 'अपराजितो' या दोन कादंबऱ्या. पहिलीचा शेवटचा भाग आणि दुसरीचा आरंभ घेऊन सत्यजित राय यांनी हा चित्रपट केला. मुलीच्या मृत्यूनंतर गाव सोडून काशीला आलेले एक भिक्षुक कुटुंब. तिथे बाप जातो. आई सर्वजया दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला राहते आणि मग दहा-बारा वर्षांच्या अपूला घेऊन एका म्हाताऱ्या नातेवाइकाच्या आधाराने खेड्यात येते. अपूने पूजा सांगावी, पोट भरावे, एवढीच तिची अपेक्षा. त्याला शाळेत जायचे असते. तो जातो, हुशार निघतो, शिष्यवृत्ती मिळवून कलकत्त्याला कॉलेजात दाखल होतो, रात्री छापखान्यात काम करतो आणि सुट्टीत घरी येतो. घरी येतो आणि पुन्हा जातो. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे हे येणे आणि हे जाणे. एक दार, एक झाड, लांब शेतापलीकडून जाणारी आगगाडी आणि दारात बसलेली एक बाई. याहून जास्त सामान त्यात नाही.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो १९७२ साली, मुंबईत, एका चित्रपट-मंडळाच्या खेळाला. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, एका बँकेत कारकून होतो आणि गिरगावात चौघांत मिळून एका खोलीत राहत होतो. खेळ सुटल्यावर आम्ही चौघे इराण्याकडे बसलो आणि दीड तास चित्रपटावर बोललो. काय बोललो ते आजही आठवते. काशीच्या घराचा चौक खरा नसून तो स्टुडिओत उभारलेला होता, आणि छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर कापड ताणून त्यावर दिव्यांचा प्रकाश उलटा पाडला म्हणून तो उघड्या आकाशाखालच्या चौकासारखा भासला, ही माहिती आमच्यातल्या एकाने कुठेसे वाचून आणली होती. रविशंकरांच्या सतारीवर अर्धा तास गेला. व्हेनिसच्या महोत्सवात १९५७ साली या चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला आणि खुद्द कलकत्त्यात मात्र तो चालला नाही, यावर आम्ही बंगाली प्रेक्षकांच्या रसिकतेची यथेच्छ निंदा केली. सर्वजयेचे नावही कुणी काढले नाही. चौघांच्याही आया गावी होत्या.

कलकत्त्याला तो का चालला नाही, याचे कारण मला बऱ्याच वर्षांनी उमगले. प्रेक्षकांना तो समजला नाही असे मुळीच नव्हते, चांगला समजला होता. १९५६ साली तिथला शहरातला प्रेक्षक म्हणजे बहुतेक खेड्यात आई ठेवून आलेला माणूस. पूजेच्या दिवसांत तिकीट काढून तो बसतो आणि पडद्यावर काय पाहतो? मुलाला आईचे ओझे झाले आहे. आई जवळ बसून बोलते आहे, "मी आजारी पडले तर येशील ना रे, माझं औषधपाणी करशील ना," असे काहीसे विचारते आहे, आणि मुलाला झोप लागली आहे. मूळ कादंबरीत तर विभूतिभूषणांनी त्याहून धीट गोष्ट लिहिली आहे. आई गेल्याचे कळताच अपूला पहिल्या क्षणी जे वाटले ते दुःख नव्हते. सुटल्यासारखे वाटले, आणि लगेच तो स्वतःलाच भ्याला. राय यांना ही कादंबरी पडद्यावर आणावीशी वाटली त्यात या जागेचा वाटा मोठा होता, असे त्यांनीच सांगितले आहे. अशी जागा दाखवणाऱ्याला पूजेच्या सुट्टीत कोण टाळ्या देणार? व्हेनिसच्या लोकांचे काय गेले होते? त्यांच्या आया कलकत्त्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या नव्हत्या!

आपल्याकडेही निराळे काय झाले असते? राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला आणि त्यानंतर दोन वर्षांनी 'पथेर पांचाली'ला. दोन्हींत गरिबी आहे, दोन्हींत आई आहे. आपण श्यामवर वाढलेली माणसे. गच्चीवर पहिला आवाज उठला तोही त्याच बाजूने. अपू सुट्टी संपवून परत निघाला आणि वळूनसुद्धा पाहीना, तशा शेजारच्या काकू म्हणाल्या, "श्यामनं असं केलं असतं का?"

"काकू, श्यामला छापखान्यात रात्रपाळी नव्हती," बंगळूरची मुलगी अंधारातून म्हणाली.

"म्हणून आईकडे बघायचं नाही?"

"बघितलं तर जाता येत नाही."

यावर काकू गप्प झाल्या. मला वाटले, त्यांना राग आला. पण थोड्या वेळाने पाहतो तो त्यांनी आपल्या अंगावरची शाल त्या मुलीच्या खांद्यावर टाकलेली होती.

तळमजल्यावर एक निवृत्त रेल्वेवाले राहतात. ते चित्रपटात फक्त आगगाड्या बघतात. अपूला पहाटेच्या गाडीने कलकत्त्याला जायचे असते. आईने उठवायचे असे ठरलेले असते. ती त्याच्याजवळ येते आणि उठवत नाही. तो दचकून जागा होतो, तिच्यावर चिडतो, धावत स्टेशनवर जातो. तिथे बसून राहतो. समोरून गाडी येते. मग आपण पाहतो ते त्याला घरी परत आलेला, आणि तो आईला सांगतो की गाडी मिळाली नाही, उद्या जाईन.

"खोटं बोलतोय," रेल्वेवाले ताडकन म्हणाले. "गाडी मिळत होती. मी बघितली ना! चांगली समोर आली होती."

सगळे हसले. जिना चढता येत नाही म्हणून ज्यांना दोन मुलांनी खुर्चीत बसवून वर आणले होते त्या नव्वदीच्या आजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना बंगाली येत नव्हते, खालची इंग्रजी अक्षरेही येत नव्हती, आणि माझे निवेदन त्यांना ऐकू येत नव्हते. त्या म्हणाल्या, "एक दिवस दिलान हो तिला." बस्स, एवढेच. पन्नास वर्षांपूर्वी इराण्याकडे आम्ही दीड तास बोललो त्यात हे वाक्य नव्हते.

पुढे सर्वजया आजारी पडते. शेजारीण म्हणते, मुलाला कळवू या. ही म्हणते, नको, परीक्षा जवळ आली आहे. या ठिकाणी आमच्या गच्चीवर जे झाले ते कोणत्याही चित्रपट-मंडळात मी पाहिलेले नाही. बायकांनी चित्रपट सोडून आपसांतच बोलायला सुरुवात केली. एकीने आपल्या मुलाला पडल्याचे सांगितले नव्हते, एकीने मधुमेहाचे. आमच्या घरातले मला माहीतच होते. हिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली ती अमेरिकेतल्या चिरंजीवांना तीन महिन्यांनी कळली, तीही चष्मा बदललेला दिसला म्हणून. "त्याचं काम चालू असतं हो, उगाच कशाला," हे वाक्य आमच्या इमारतीतल्या सर्व मजल्यांवर एकाच चालीत म्हटले जाते. बंगळूरच्या मुलीने मागे वळून आपल्या आईकडे पाहिले. तिची आई पडद्याकडे पाहत राहिली.

मग ती काजव्यांची रात्र. सर्वजयेला भास होतो, अपूने हाक मारली. ती भिंतीला धरून दारापर्यंत येते. बाहेर कुणी नाही. तळ्याच्या काठी अंधारात काजवे चमकत आहेत. त्या काळच्या फिल्मवर खरे काजवे उमटत नसत, म्हणून काळे कपडे घातलेली माणसे अंधारात उभी करून त्यांच्या हातांत बारीक विजेचे दिवे दिले होते. ही हकीगत मला ठाऊक आहे. ठाऊक असून काही उपयोग होत नाही.

१९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली, त्यात या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हांचे अतोनात नुकसान झाले. वाचले तेवढे तुकडे इटलीत बोलोन्या येथे हाताने दुरुस्त करण्यात आले आणि २०१५ साली नवी प्रत पुढे आली. आम्ही पाहत होतो ती हीच. १९७२ साली मी पाहिलेल्या प्रतीवर रेघांचा पाऊस होता आणि काजवे कोणते आणि फिल्मवरचे ठिपके कोणते हे ओळखू येत नव्हते. ह्या वेळी ओळखू आले.

आजाराचे पत्र मिळाल्यावर अपू घरी येतो, "मा" म्हणून हाका मारतो, आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्याला कळते. झाडाखाली बसून तो खूप रडतो. म्हातारा म्हणतो, आता इथेच राहा, क्रियाकर्म कर. अपू गाठोडे बांधतो. माझी परीक्षा आहे. क्रियाकर्म कालीघाटाला करीन. आणि वाटेला लागतो. चित्रपट संपतो.

दिवा लागला तेव्हा काकू डोळे पुसता पुसता म्हणत होत्या, "कसला मेला कोरडा मुलगा!" रेल्वेवाले म्हणाले, "परीक्षा बुडवून आई परत येणार होती थोडीच?" मुलगी यंत्राच्या वायरी गुंडाळीत होती आणि वर मान करीत नव्हती. मी सतरंज्या झटकायला घेतल्या. हिने दुसरे टोक धरले. आमची दोन-तीन सतरंज्यांची घडी होईपर्यंत माणसे खाली गेली होती. मग ही म्हणाली, "तुमची गाडी खरंच चुकली होती का हो?"

आमच्या लग्नाला पन्नास वर्षे होत आली. तेवढ्या काळात ही गोष्ट आमच्यात एकदाच निघाली होती, १९७६ साली, लग्नानंतर पहिल्यांदा गावी जाताना. मी तिला सांगितले होते की आई गेली तेव्हा मी मुंबईत होतो, तार आली, पण शुक्रवारची गाडी चुकली, शनिवारी जागा मिळाली नाही, आणि पोचायला सोमवार उजाडला. आक्कालाही मी तेच सांगितले होते. गावात सगळ्यांना तेच सांगितले होते.

खरे असे होते. १९७३ सालच्या त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता तार बँकेत आली. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. त्या काळी अशा तारेचा अर्थ माणसे धरून चालत की सगळे संपलेच आहे. मी धावत मुंबई सेंट्रलच्या एस.टी. स्टँडवर गेलो. राजापूरच्या रात्रीच्या गाडीला रांग होती. माझ्यापुढे सहा-सात माणसे असतील. रविवारी सकाळी दहा वाजता माझी बँकिंगच्या परीक्षेची शेवटची प्रश्नपत्रिका होती. ती सुटली की पगार वाढणार होता. आणि पगार वाढला की आईला मुंबईला आणायचे, वेगळी खोली घ्यायची, असे सगळे हिशेब मी वहीत मांडून ठेवले होते. ह्या हिशेबांवर माझा विश्वास होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. रांग पुढे सरकली. खिडकीवर तिकिटे होती. मी मनाशी म्हटले, आई गेलीच असेल तर आता जाऊन काय, आणि असेल तर दोन दिवस निघतील. माझ्यापुढे दोन माणसे राहिली तेव्हा मी रांगेतून बाहेर पडलो.

शनिवारी अभ्यास केला. रविवारी परीक्षा दिली. पासही झालो.

आई रविवारी पहाटे गेली. आक्का जवळ होती. ती मला एवढेच म्हणाली होती, की शनिवारी संध्याकाळी मुक्कामाची गाडी खिंडीत वळली, हॉर्न वाजला, तशी आई उशाला हात टेकून उठून बसलीन. दुपारपासून त्या गाडीची चौकशी करीत होतीन. मला त्या वेळी एक गोष्ट कळली नव्हती: मी मुक्कामाच्या गाडीने येणार असे आईच्या डोक्यात कुठून आले? आजारी माणसाचा भ्रम, असे म्हणून मी ते सोडून दिले होते. सर्वजयेला नाही का भास झाला?

मी गच्चीवर घडी करून ठेवलेल्या सतरंजीवर बसलो आणि हे सगळे हिला सांगितले. वाटले होते, रडेल, निदान गप्प होईल. ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रांगेतून बाहेर पडलात ते. आक्कांनी सांगितलं मला, पहिल्याच गणपतीत. तुमच्या आगरापलीकडचे काका त्याच रांगेत होते, तुमच्या मागे. ते आले त्या गाडीने."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. ते काका शनिवारी दुपारी गावात पोचले होते. म्हणजे आई शुद्धीवर असताना.

"मग त्यांनी आईला..."

"हो, गेले होते बघायला. आईंनी विचारलं, मुंबईला माझा मुलगा दिसला का. ते म्हणाले, दिसला तर, स्टँडवरच होता. गर्दी फार होती, मागच्या गाडीने येतोय. संध्याकाळच्या मुक्कामाच्या गाडीला येईल."

चंद्र पश्चिमेकडे कलला होता आणि टाकीची सावली लांब झाली होती. खाली कुणाच्या तरी घरात पेले विसळल्याचा आवाज येत होता.

"एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"आक्का म्हणाल्या होत्या, भाऊ आपण होऊन सांगेल तेव्हा सांगेल. तू काढू नकोस."

आक्का २००४ साली गेली. ते काका त्याच्याही आधी, १९९१ साली. मी वर्षातून एकदा आंब्याच्या दिवसांत गावी जात असे, आणि स्टँडवरून चालत घराकडे निघालो की वाटेत त्यांचा ओटा लागे. ते पानाचे तबक बाजूला सारून विचारीत, "काय, कुठल्या गाडीने आलास?" कोकणात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतात, त्यात विशेष काही नाही. मी सांगत असे, रात्रीच्या. ते विचारीत, "जागा मिळाली ना नीट?" मी म्हणे, मिळाली. मग ते आतल्या बाजूला ओरडून सांगत, "अगो, पाणी आण, मुंबईवाला आलाय."

अठरा वर्षे त्यांनी मला हे दोन प्रश्न विचारले. तिसरा कधी विचारला नाही.

हिने यंत्राखाली घेतलेले स्टूल उचलले. मी सतरंज्या उचलल्या. जिन्यात तिसऱ्या मजल्यावर दार किलकिले होते. ती मुलगी आपल्या आईशी बोलत होती. तिचे बंगळूरचे तिकीट दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे होते, हे मला माहीत होते. ही दाराशी क्षणभर थांबली आणि आत डोकावून म्हणाली, "काय ग, उद्या किती वाजता उठायचंय? मी हाक मारू का?"

आतून थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग तिच्या आईचा आवाज आला, "नको हो. मी उठवीन तिला."